‘फुकट’ तापणाऱ्या पाण्याचा हिशेब



दिवाळीनंतर आपल्या एका हितचिंतकांचा निरोप आला. देवळाली प्रवरेजवळच्या भिल्ल वस्तीतील दहा घरांना प्रत्येकी १०० लिटरचा पाणी तापवायचा सौर संच, म्हणजे ज्याला गावात सगळे नुसते ‘सोलर’ म्हणतात तो, बसवून द्यावा अशी त्यांची इच्छा होती. एकूण दोन लाख रुपये द्यायची त्यांची तयारी होती. (देवळाली म्हटले की बाहेरगावचे वाचक नाशिकची देवळाली समजतात. ही राहुरी तालुक्यातील, उसाच्या पट्ट्यातील देवळाली.) मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवले, म्हणून मंडळींनी हे काम माझ्याकडे दिले. “गुरुजी, कोणती सरकारी सवलत मिळते ते बघा आणि दहा घरांची यादी करा,” एवढेच मला सांगण्यात आले.

मी वही घेऊन वस्तीवर गेलो. पहिल्याच घरी एक म्हातारी मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. तीन दगडांवर पातेले, खाली वेड्या बाभळीचे सरपण आणि थोडे उसाचे पाचट. मी त्यांना सोलरची माहिती दिली, त्याने खर्च कसा वाचतो ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “गुरुजी, आमचं पाणी तर फुकटच तापतंय. पैसे कशातले वाचायचे?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. या अंकातील अभ्यासलेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे शिकलो ते आहे. आपल्यापैकी अनेकजण निरनिराळ्या वस्त्यांवर काम करतात. तुम्हालाही हा हिशेब उपयोगी पडेल अशी आशा आहे.

आधी एक कबुली

पुढे जाण्यापूर्वी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहावर २०० लिटरचा सोलर बसवला. त्या वेळी सरकारी अनुदान मिळत होते. कागदपत्रे मीच केली, सही माझी होती. दोन हिवाळे मुलींना छान गरम पाणी मिळाले. तिथे पाणी बोअरचे, आणि आपल्याकडचे बोअरचे पाणी किती क्षारयुक्त असते ते हंड्याच्या बुडाशी बसणारा पांढरा थर पाहिला की कळते. तोच थर नळ्यांत बसला. पुढे एक काचेची नळी फुटली. दुरुस्तीसाठी हिशेबात एक रुपयाही ठेवलेला नव्हता, कारण ‘संच बसला, काम झाले’ असे मी धरून चाललो होतो. मुली पुन्हा चुलीकडे वळल्या. संच आजही छतावर आहे, त्यावर कपडे वाळत घालतात.

अनुदान मिळाले होते, पण त्याचा उपयोग दोनच वर्षे झाला. ही चूक माझी होती. म्हणून या वेळी यादी करण्यापूर्वी हिशेब करायचे ठरवले.

पाठ पहिला : पाणी तापायला किती उष्णता लागते?

हा हिशेब पाचवी-सहावीच्या मुलालाही जमतो. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यात सकाळी पाणी साधारण २० अंशांवर असते. अंघोळीला ४० अंशांचे पाणी पुरते. म्हणजे २० अंश वाढवायचे. बादली १५ लिटरची धरू.

१५ लिटर × २० अंश = ३०० किलोकॅलरी. ही झाली एक बादली.

पाच माणसांच्या घरात प्रत्येकी एक बादली म्हणजे १,५०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे पाच बादल्यांना जवळजवळ पावणेदोन युनिट लागतात. थोडी उष्णता वाया जाते ती धरून दोन युनिट म्हणू.

आता सोलरकडे पाहू. आपल्याकडे चांगल्या उन्हाच्या दिवशी एक चौरस मीटर जागेवर साधारण पाच युनिटइतकी उष्णता पडते. १०० लिटरच्या संचाला काचेच्या नळ्यांचे सुमारे दीड चौरस मीटर, किंवा सपाट पेटीचे दोन चौरस मीटर क्षेत्र लागते. तो १०० लिटर पाणी दिवसभरात ६० अंशांपर्यंत नेतो. म्हणजे ४,००० किलोकॅलरी, तेरा बादल्यांहून थोडी जास्तच. यंत्र चांगले आहे, ऊन भरपूर आहे, यात शंका नाही. पंप लागत नाही, वीज लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते आणि थंड पाणी खाली उतरते, एवढ्यावर ते चालते. नीट सांभाळले तर पंधरा वर्षे टिकते.

तेव्हा प्रश्न यंत्राचा नाही. हे पाणी आज कोण, कशाने तापवतो, हा प्रश्न आहे.

पाठ दुसरा : तीन घरे, एकच यंत्र

संचाची किंमत दुकानागणिक आणि बनावटीप्रमाणे बदलते. नळजोडणी धरून हिशेबासाठी २०,००० रुपये धरू.

पहिले घर. गावातील पक्के घर, पाच माणसे, गिझर. प्रत्येकी दोन बादल्या, वर्षभर. रोज चार युनिट गिझरला जातात. या घराचा वापर महिन्याला १०० युनिटच्या पुढे असतो. १०० युनिटच्या पुढे महावितरणचा घरगुती दर जवळपास दुप्पट होतो, हे आपण सर्व बिलावर पाहतो. सगळे आकार धरून युनिटला ११ रुपये मानू. वर्षातील २५० दिवस चांगले ऊन धरले तर १,००० युनिट, म्हणजे ११,००० रुपये वाचतात. यंत्राची किंमत दोन वर्षांच्या आत वसूल. पुढची तेरा वर्षे नफाच.

दुसरे घर. वस्तीजवळचे घरकुल, विजेचे मीटर आहे, उज्ज्वला योजनेचा गॅस आहे. हिवाळ्याचे दीडशे दिवस प्रत्येकी एक बादली. गॅसवर तापवले तर त्या दीडशे दिवसांत सुमारे ३४ किलो गॅस, म्हणजे १४.२ किलोचे अडीच सिलिंडर जातात. सिलिंडर ९०० रुपये धरला आणि उज्ज्वलेची ३०० रुपयांची सूट वजा केली, तर वर्षाला दीड हजार रुपये. विजेवर तापवले तर ३०० युनिट. खालच्या दराने सगळे धरून सहा रुपये युनिट मानले तर १,८०० रुपये. म्हणजे यंत्राची किंमत वसूल व्हायला अकरा ते चौदा वर्षे. यंत्राचे आयुष्यच पंधरा वर्षांचे.

तिसरे घर. मावशींचे. पाणी चुलीवर तापते. तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम आठवा भाग पातेल्याला मिळतो, बाकी धुरात जातो. पाच बादल्यांना रोज तीन किलो लाकूड. दीडशे दिवसांत ४५० किलो. पैसे शून्य. म्हणजे रुपयांत पाहिले तर यंत्राची किंमत कधीच वसूल होत नाही.

मावशींचे म्हणणे हिशेबाने अगदी बरोबर होते.

पण त्यांच्या हिशेबात एक रकाना रिकामा होता, आणि तो माझ्याही वहीत रिकामाच होता. २० किलोची एक मोळी धरली तर ४५० किलोच्या बावीस-तेवीस मोळ्या होतात. मी विचारले, मोळी कोण आणते? सुनबाई ऊसतोडीला जातात तेव्हा नात आणते. नात सातवीत आहे. एका मोळीला जाऊन-येऊन तीन तास. एकूण सत्तर तासांच्या आसपास. शाळेचा दिवस सहा तासांचा धरला तर हे जवळजवळ बारा दिवस होतात. आणि हे फक्त अंघोळीच्या पाण्याचे सरपण आहे, स्वयंपाकाचे वेगळेच.

तेव्हा पाणी फुकट तापत नव्हते. किंमत दिली जात होती, पण ती रुपयांत नव्हती आणि देणारी घरात सगळ्यांत लहान होती.

पाठ तिसरा : सवलती कोणाच्या दारापर्यंत आल्या?

आता सरकारी सवलतींचा इतिहास थोडक्यात पाहू.

जानेवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू केले. २०२२ पर्यंत देशात पाणी तापवणे वगैरे कामांसाठी दोन कोटी चौरस मीटर सौर संग्राहक बसवावेत असे त्याचे उद्दिष्ट होते. त्यात घरगुती सोलरला ३० टक्क्यांपर्यंत अनुदान किंवा ५ टक्के व्याजाने कर्ज अशी सोय होती. आपल्यासारख्या राज्यांत घरगुती संचासाठी काचेच्या नळ्यांना चौरस मीटरमागे ३,००० रुपये आणि सपाट पेटीला ३,३०० रुपये मिळत. म्हणजे १०० लिटरच्या नळ्यांच्या संचाला ४,५०० आणि सपाट पेटीला ६,६०० रुपये. २०१४ मध्ये पाणी तापवण्याच्या संचांचे हे अनुदान केंद्राने बंद केले.

हे ४,५०० रुपये आज मिळाले असे समजून आपल्या तीन घरांना लावून पाहा. पहिल्या घराची वसुली दोन वर्षांऐवजी दीड वर्षात. त्याला अनुदान नसते तरी त्याने यंत्र घेतलेच असते. दुसऱ्या घराची दहा वर्षांवर आली. तरीही उरलेले साडेपंधरा हजार एकदम काढणे ज्याच्या हाताला रोजंदारी आहे त्याला शक्य नाही. तिसऱ्या घराला काहीच फरक पडला नाही.

दुसरी सवलत करातील. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत आणि पावसाच्या पाण्याची साठवण यांपैकी एक प्रकल्प चालू ठेवणाऱ्या मिळकतीला करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सूट देते. बंगळुरूत सोलर बसवणाऱ्या घराला वीजबिलात युनिटला ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट देण्याची पद्धत होती. चांगल्या कल्पना आहेत. पण घरपट्टीतील सूट घरपट्टी भरणाऱ्याला मिळते आणि बिलातील सूट बिल भरणाऱ्याला. जे घर गायरानावर आहे, ज्याचा उताराच नाही, त्याला सूट कशात द्यायची?

तिसरी सवलत वस्तू व सेवा कराची. सोलर वॉटर हीटरवरचा हा कर जुलै २०२२ मध्ये ५ वरून १२ टक्के झाला होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५ टक्क्यांवर आला. २०,००० रुपयांच्या मालावर २,४०० ऐवजी १,००० रुपये कर, म्हणजे १,४०० रुपयांची बचत. दुकानदार कोटेशन देतो तेव्हा त्यात कर ५ टक्केच लावला आहे ना, एवढे जरूर पाहा.

सवलत मोठी असली आणि ती वापरणारी व्यवस्था मागे उभी असली तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. देवळालीपासून पन्नास किलोमीटरच्या आत शिर्डीला साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ मोठ्या तबकड्या बसवून उन्हाने वाफ करण्याची व्यवस्था उभी राहिली. त्या वाफेवर रोज हजारो भाविकांचा स्वयंपाक होऊ लागला. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये, त्यात केंद्राचे अनुदान ५८ लाखांच्या घरात. ऊन तेच, जिल्हा तोच. फरक एवढाच की तिथे स्वतःचे छत, स्वतःचा पैसा आणि देखभालीला माणसे होती.

पाठ चौथा : आज आदिवासी कुटुंबाला काय मिळू शकते?

आता कामाची गोष्ट. पाणी तापवण्याच्या संचाला केंद्राचे अनुदान नाही, पण छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये मिळतात. त्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘स्मार्ट’ नावाची जोडयोजना जाहीर केली. महिन्याला १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या आणि दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी ती आहे. १ किलोवॅटचा खर्च ५०,००० धरला आहे. केंद्राचे ३०,००० वजा जाता राज्याची भर अशी :

दारिद्र्यरेषेखालील कुटुंब : राज्याचे १७,५००. स्वतःचे २,५००.

अनुसूचित जाती व जमातीचे कुटुंब : राज्याचे १५,०००. स्वतःचे ५,०००.

इतर : राज्याचे १०,०००. स्वतःचे १०,०००.

आता आपले दुसरे घर पुन्हा पाहा. सोलर हीटरला त्याला २०,००० रुपये काढावे लागत होते. पॅनेलला ५,०००. एक किलोवॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देते. दिवे, पंखा, टीव्ही यांना दोन युनिट गेले तरी अंघोळीच्या पाच बादल्यांना दोन युनिट उरतात. पण ऊन दुपारी आणि अंघोळ पहाटे, मग कसे जमायचे? येथे मीटर वहीचे काम करते. दुपारी जादा झालेली वीज महावितरणकडे जमा होते आणि पहाटे वापरलेली त्यातून वळती होते. महिन्याचा स्थिर आकार तेवढा भरावा लागतो.

म्हणून माझा निष्कर्ष असा : ज्या आदिवासी कुटुंबाचे मीटर स्वतःच्या नावावर आहे, वापर १०० युनिटच्या आत आहे आणि छत पक्के आहे, त्याला आज पाण्याच्या सोलरपेक्षा पॅनेल स्वस्त पडते, आणि त्या विजेवर पाणीही तापते. गिझरवाल्या पहिल्या घराने मात्र पाण्याचा सोलर अनुदानाची वाट न पाहता बसवावा. त्याला तो दोन वर्षांत फिटतो, आणि छतावर पॅनेलच्या मानाने थोडी जागा घेतो.

एक सूचना : पाणी तापवायला बादलीत टाकायचा विजेचा रॉड वापरणार असाल तर तो आयएसआय छापाचाच घ्या. बटण बंद करून, पिन काढूनच पाण्यात हात घाला. लहान मुले असलेल्या घरात रॉड टाळलेलाच बरा, भिंतीवरचा छोटा गिझर घ्यावा.

अर्जाला जातीचा दाखला, वीजबिल, आधार आणि बँक खाते लागते. मीटर सासऱ्याच्या नावावर आणि सासरे वारलेले, असे अनेक घरांत आढळते. तेव्हा आधी मीटरवरील नाव बदलून घ्या. निधी ठरलेला आहे, तेव्हा उशीर करू नका, आणि महावितरणच्या कार्यालयात त्या दिवशीचा नियम विचारून घ्या.

पाठ पाचवा : छत, नळ आणि क्षार

पैशांखेरीज आणखी तीन गोष्टी तपासाव्या लागतात. मी वस्तीवर घरोघर त्या पाहिल्या.

छत : पाण्याने भरलेला १०० लिटरचा संच दीडशे-दोनशे किलोचा होतो. स्लॅबवर तो चालतो. पत्र्यावर किंवा कुडाच्या घरावर चालत नाही. वस्तीत बहुतेक घरे पत्र्याची आहेत.

नळ : थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच असावी लागते, नाहीतर पाणी चढत नाही. जिथे बायका सार्वजनिक नळावरून हंडे वाहतात, तिथे छतावर रोज १०० लिटर पाणी कोण चढवणार? मी हे न पाहता यादी केली असती तर सरपणाऐवजी हंडे वाहण्याचे काम त्याच मुलीच्या डोक्यावर आले असते.

क्षार : जड पाण्यात सपाट पेटीतील बारीक तांब्याच्या नळ्या लवकर तुंबतात. आपल्याकडे काचेच्या रुंद नळ्यांचा संच बरा. तरीही टाकी अधूनमधून खालून रिकामी करून गाळ काढावा आणि वर्षातून एकदा नळ्या काढून धुवाव्यात. टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते. क्षार तिला खातात आणि टाकी वाचते. ती झिजली की बदलावी. एक-दोन काचेच्या नळ्या राखीव ठेवाव्यात. संच दक्षिणेकडे तोंड करून, सावली पडणार नाही असा बसवावा. आपण साडेएकोणीस अक्षांशावर आहोत. हिवाळ्यासाठी तीस अंशांच्या आसपास कल ठेवला तर ऊन चांगले मिळते.

इतर देशांनीही हेच अनुभवले आहे. ब्राझीलने गरिबांच्या घरबांधणी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०११ पासून, स्वतंत्र घरांवर सोलर घरासोबतच दिला. छत, टाकी आणि नळ एकाच वेळी झाले. दक्षिण आफ्रिकेने दहा लाख सोलर बसवायचे ठरवले, पण बसवणारे आणि दुरुस्त करणारे हात पुरेसे नव्हते, आणि हजारो संच गोदामांत पडून राहिले. वस्तू देणे सोपे असते, ती चालती ठेवणे कठीण. हे मला वसतिगृहाच्या छताने आधीच शिकवले होते.

मग दोन लाखांचे काय?

मी मंडळींसमोर आणि त्या हितचिंतकांसमोर दहा सोलरची यादी ठेवली नाही. त्याऐवजी हा आराखडा ठेवला :

एक. वस्तीच्या कडेला, जिथे नगरपरिषदेचे नळाचे पाणी येते, तिथे बायका-मुलींसाठी दोन खोल्यांचे न्हाणीघर आणि त्यावर ३०० लिटरचा सामाईक सोलर. खर्च १,२०,००० रुपयांपर्यंत. तीनशे लिटर ६० अंशांचे पाणी म्हणजे ४० बादल्या. आठ कुटुंबांची सोय होते. हंडा छतावर चढवायला नको, कारण टाकीच तिथे आहे.

दोन. मीटर आणि स्लॅब असलेल्या सहा घरांना पॅनेलसाठी स्वतःचा हिस्सा भरायला प्रत्येकी ५,००० रुपये बिनव्याजी. महिन्याला २५० प्रमाणे वीस महिन्यांत परत. एकूण ३०,०००. ही रक्कम परत आली की पुढच्या सहा घरांना.

तीन. ज्यांना यांपैकी काहीच जमत नाही, त्यांना धुराड्याचा बंब आणि काळा रंग दिलेले ड्रम. बंबात जाळ आत राहतो, त्यामुळे तीन दगडांच्या चुलीपेक्षा सरपण कमी लागते. काळा ड्रम उन्हात ठेवला तर दुपारी चार वाजता मुलांच्या अंघोळीपुरते कोमट पाणी मिळते. त्यासाठी २०,०००.

चार. उरलेले ३०,००० रुपये बँकेत, फक्त दुरुस्तीसाठी. त्यांना दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. न्हाणीघराची किल्ली आणि दुरुस्तीची वही वस्तीतील बायकांच्या बचत गटाकडे.

मला थोडी भीती होती. दहा घरांवर दहा सोलर दिसले असते. छायाचित्र छान आले असते. प्रत्येकावर देणगीदाराचे नाव आले असते. न्हाणीघराचे छायाचित्र काय काढणार? पण त्या हितचिंतकांनी आराखडा दोनदा वाचला आणि होकार दिला. अट एकच घातली : दर तिमाहीला दुरुस्तीच्या वहीच्या पानाची प्रत आपल्याला पाठवावी. इतकी शहाणी अट मला स्वतःला बारा वर्षांपूर्वी सुचली नव्हती.

मावशींना मी पुन्हा जाऊन सगळे समजावून सांगितले. सत्तर तासांचा हिशेब सांगितला तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “येवढे तास का? मग किल्ली माझ्याकडंच द्या. पहाटे मी उघडत जाईन.” बचत गटाने ते मान्य केले आहे. बांधकाम या महिन्यात सुरू होईल, आणि पुढच्या हिवाळ्यानंतर वहीत काय लिहिले गेले ते याच पानावर कळवीन.

वस्तीच्या बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी अंघोळीचे पाणी कशावर तापते? रोज किती बादल्या, वर्षातून किती दिवस? वरच्या रीतीने त्याचे युनिट, गॅस किंवा लाकूड काढा.

२. त्याची किंमत घरातील कोण देते : पैशाने, की वेळेने? वेळ असेल तर तास मोजा.

३. वीजमीटर कोणाच्या नावावर आहे? जातीचा दाखला घरात आहे का? नसेल तर दोन्हींसाठी या महिन्यात कोण, कोणत्या कार्यालयात जाणार?

४. आपल्या वस्तीला किंवा वसतिगृहाला मिळालेली कोणती वस्तू आज बंद पडली आहे? ती चालू करायला किती खर्च येईल? नवीन मागण्यापूर्वी हा आकडा काढा.

चौथ्या प्रश्नाचे माझे उत्तर तयार आहे. वसतिगृहाच्या छतावरच्या त्या जुन्या संचाच्या टाकीला गळती नाही, असे नळकारागीराने पाहून सांगितले आहे. नळ्या बदलून तो पुन्हा चालू करायचे मी मनावर घेतले आहे. तेवढा खर्च मी स्वतः देईन, आणि दुरुस्तीची वही तिथेही ठेवीन.